रात्रीचा भाव

जबलपूरच्या सराफ्यात सकाळी साडेदहा-अकराच्या सुमाराला शटरं वर जातात, गाद्यांवरच्या चादरी झटकल्या जातात, उदबत्ती लागते आणि एकच प्रश्न या दुकानातून त्या दुकानात फिरू लागतो : "आज कितना?" पूर्वी याला एकच उत्तर असायचं, दहा ग्रॅमचं. गेली काही वर्षं मात्र कशाबद्दल विचारताय ते आधी सांगावं लागतं. आमच्या गल्लीतल्या तीन पेढ्यांचे मालक रात्री नाकावर मास्क चढवून झोपतात, सकाळी यंत्राच्या पडद्यावर एक आकडा बघून खाली उतरतात आणि चहाच्या पहिल्या ग्लासाबरोबर तो जाहीर करतात. "दो पॉइंट तीन." "हमारा एक पॉइंट आठ." सोन्याचा भाव चढला की यांचे चेहरे खुलतात, हा आकडा उतरला की खुलतात. मधल्या मधे गिऱ्हाईक गोंधळतं. एका बाईंनी 'एक पॉइंट आठ' हा मजुरीचा टक्का समजून दुसऱ्या दिवशी नणंदेसकट सगळी मोड घेऊन यायचं ठरवलं होतं, असं सांगतात.

हा आकडा म्हणजे एएचआय. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ पुरता बंद पडणं, किंवा तेवढा वेळ निम्माशिम्मा होणं, हे तासाला सरासरी किती वेळा घडलं, त्याचा हिशेब. पाचाच्या खाली असेल तर ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि तिसाच्या वर गंभीर. हे कोष्टक आमच्या गल्लीत आता रत्ती-मासा-तोळ्याइतकं पाठ आहे. माझ्या काकांचा आकडा तपासणीत 41 आला होता. तासाला 41, म्हणजे सात तासांत 287. काका जातिवंत सराफ. त्यांनी आधी गुणाकार केला, घाबरले नंतर.

काकांचं घोरणं ही आमच्या घराची खासगी बाब कधीच नव्हती. सराफ्यातली घरं खाली पेढी, वर बिऱ्हाड अशी, भिंतीला भिंत लागून. कमानिया गेटच्या अंगाने रात्री बारानंतर आत शिरावं आणि मान वर करून ऐकावं. कुठल्या माडीवर कोण झोपलंय ते रखवालदार डोळे मिटून सांगायचा. काकांचा आवाज आधी चढत जायचा, मग एकदम बंद. त्या शांततेत काकू डोळे उघडून मोजत पडलेल्या. मग एक गचका, एक मोठा हुंकार, आणि पुन्हा पहिल्यापासून. 22 मे 1997 च्या पहाटे जबलपुरात भूकंप झाला, तेव्हा सगळं शहर अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलं. पलंग हलायला लागल्यावर काकूंनी सवयीने काकांना ढोसलं आणि "अहो, कुशीवर व्हा" म्हणाल्या. काका कुशीवर झाले. तरी पलंग थांबेना, तेव्हा कुठे काकूंना शंका आली. मदनमहालची ती एकावर एक तोललेली शिळा त्या रात्री जागची हलली नाही म्हणून लोक अजून तिचं कौतुक करतात. काकाही हलले नव्हते.

त्या काळी घोरणं ही सुखवस्तूपणाची खूण मानली जाई. माणूस घोरतोय म्हणजे उधारी वसूल आहे, पोरी उजवल्या आहेत आणि भाऊबंदकीचा दावा निकालात निघालाय. दिवसा गादीवर बसल्या बसल्या काकांचा डोळा लागायचा, काट्यावर बांगडी तशीच. एकदा मोड विकायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, शेठ डोळे मिटून बसलाय म्हणजे भाव पटलेला नाही; त्याने आपणहून दोनदा भाव उतरवला. या आजाराचा आमच्या घराण्याला झालेला तेवढाच फायदा.

चित्र पालटलं फेब्रुवारी 2022 मध्ये. बप्पी लाहिरी गेले. सराफ्यात बप्पीदांना संगीतकार म्हणून मान होताच, पण त्याहून जास्त जिव्हाळा होता तो धंद्याचा हितचिंतक म्हणून. पुरुषाने गळ्यात सोनं घालावं तर किती, याची वरची मर्यादा त्यांनी घालून दिली होती. त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण सांगताना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं आणि गल्ली चपापली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळू मागे सरकून वाट बुजवतात, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू गचका देऊन माणसाला अर्धवट जागं करतो, वाट मोकळी होते, आणि जागं झालो होतो हे सकाळी त्याला आठवतही नाही. हे रोज, वर्षानुवर्षं. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, गाडी चालवताना डोळा लागतो. गळ्यात सोनं असून गळाच बंद पडतो, हे ऐकल्यावर महिन्याभरात काका आणि आणखी दोन शेठ बोटाला क्लिप, छातीला पट्टा आणि नाकात नळी लावून एकेक रात्र झोपून आले.

उपाय तसा जुना, 1981 चा. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांची हकिकत छापली : नाकातून सतत किंचित दाबाने हवा सोडत राहिलं तर घसा मिटत नाही. सुरुवातीची यंत्रं व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालायची आणि मास्क रोज रात्री नाकावर चक्क चिकटवावा लागायचा. हे ऐकून काका म्हणाले, "म्हणजे घर झाडायचं यंत्र मला लावलंय." आताचं यंत्र उशाशी ठेवलेल्या टाइमपीसएवढं, आवाज पंख्याहून कमी. हवेचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरांत मोजतात, साधारण 4 ते 20. काकांना मिळालं ते आपोआप दाब कमी-जास्त करणारं. डॉक्टरांनी खालची-वरची हद्द ठरवून दिलेली.

यंत्राची घरात प्रतिष्ठापना झाली तेव्हा पहिला वाद पाण्यावरून झाला. हवा कोरडी लागू नये म्हणून यंत्रात पाण्याची छोटी टाकी असते, तीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं. काकूंनी ग्वारीघाटावरून आणलेलं नर्मदेचं पाणी घातलं. "रात्रभर मैयाचं पाणी श्वासातून जाईल, याहून काय हवं?" पुण्य किती लागलं ते कळलं नाही, टाकीच्या तळाला मात्र पांढरा थर बसला. आता टाकीत डिस्टिल्ड वॉटर आणि यंत्राशेजारी मैयाची लोटी, अशी तडजोड आहे.

दुसरा प्रश्न फिल्टरचा. आमच्या गल्लीत मागच्या बाजूला कारागिरांच्या भट्ट्या, फुंकणी, तेजाब. सकाळी झाडू घेऊन न्यारिये येतात आणि दुकानांसमोरची धूळ, गटाराचा गाळ गोळा करून नेतात. धुऊन, गाळून त्यातून सोन्याचा कण काढतात. दुसरीकडे जो फिल्टर बरेच दिवस टिकतो तो आमच्याकडे लवकर काळा पडतो. काका तो बदलतात, पण फेकत नाहीत. डबीत साठवतात. रात्रभर सराफ्याची हवा गाळली म्हणजे त्यात काही ना काही असणारच, न्यारियाला विचारून बघू, असं त्यांचं म्हणणं. न्यारियाने डबी हातात घेऊन वजन अजमावलं आणि न बोलता परत केली.

पण खरी करमणूक आकड्यांची. हे यंत्र नुसती हवा सोडत नाही, रात्रभर टिपणही ठेवतं. किती तास वापरलं, मास्कमधून हवा किती गळली, दाब किती होता, श्वास कधी आणि किती वेळ अडला. सकाळी पडद्यावर त्याचं सार येतं. फोनवर ॲप असेल तर तिथेही. रेसमेड कंपनीचं 'मायएअर' ॲप रात्रीला शंभरपैकी गुण देतं, आणि त्या गुणांची वाटणी बघण्यासारखी आहे. सात तास वापरलंत तर 70. मास्क नीट बसला तर 20. रात्रीतून तो वारंवार काढला-घातला नाही तर 5. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते श्वास अडणं कमी झालं, त्याचे 5. शाळेत हजेरीला सत्तर मार्क आणि गणिताला पाच असते तर आमच्या पिढीतले बरेच जण इंजिनिअर झाले असते. अर्थात त्यामागे कारण आहे. लोक यंत्र घेतात आणि कपाटात ठेवतात. आधी घालायची सवय लागू दे, बाकीचं मग, असा हिशेब. अमेरिकेत तर विम्याचे पैसे मिळायला महिनाभरात 70 टक्के रात्री, दर रात्री किमान चार तास वापरल्याचं यंत्राकडूनच सिद्ध व्हावं लागतं. तरी शंभरपैकी 97 मिळाले म्हणून पेढे वाटायला निघालेल्या माणसाला ही वाटणी कुणीतरी सांगायला हवी. काकांना मी सांगितली. त्यांनी पेढे वाटलेच.

आमच्या समोरच्या पेढीचे शेठ रोज 0.4 सांगायचे. कधी 0.3. काकांचा आकडा कधी 2, कधी 11, मधला सहा-सात. काका खंतावले. सराफ्यात शेजाऱ्याचं सोनं आपल्यापेक्षा कसाला जास्त उतरावं यासारखं दुःख नाही. शेठजींचं यंत्र तेच, मास्क तोच, पोट काकांपेक्षा दोन इंच पुढे. मग एक दिवस त्यांच्याच मुलाने फोडलं : बाबूजी रात्री अकराला मास्क लावतात आणि एकला काढून ठेवतात. दोन तासांची सरासरी उत्तमच येणार. उरलेल्या पाच तासांत गल्ली ऐकते तो आवाज कुठेच टिपला जात नाही. त्यातही गंमत अशी, की स्वप्नं पडणारी झोप पहाटेकडे जास्त असते, तेव्हा स्नायू सगळ्यात सैल पडतात आणि बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच जास्त अडतो. म्हणजे शेठजी नेमके महागाचे तास वगळून सरासरी काढत होते. हे मी त्यांना समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "भैया, लेकिन पॉइंट चार तो पॉइंट चार है." सराफाशी दशांशावर वाद घालू नये.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली, ती अशी की यंत्राला आपण झोपलोय की नाही हे कळत नाही. डोक्याला तारा नाहीत, बोटाला क्लिप नाही. मेंदूच्या लहरी आणि ऑक्सिजन हे प्रयोगशाळेच्या तपासणीत मोजतात, घरचं यंत्र नुसत्या हवेच्या प्रवाहावरून अंदाज बांधतं. मास्क लावून पहाटे तीनपर्यंत जीएसटीची चिंता करत पडलात तरी ते तास भागाकारात धरले जातात. जागेपणीचा एखादा उसासा, कूस बदलताना रोखलेला श्वास, तोही कधी कधी घटना म्हणून नोंदला जातो. तेव्हा 1.8 आणि 2.3 यांच्यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणं व्यर्थ आहे. शिवाय बऱ्याच यंत्रांचा दिवस दुपारी बाराला बदलतो. अकराला काढलेली डुलकी कालच्या खात्यात, एकला काढलेली आजच्या. यावर काकांची काही तक्रार नव्हती. "आमच्या वह्या दिवाळीला बदलतात, याची दुपारी बाराला. ज्याची त्याची पद्धत."

तक्रार काकूंची होती. "यंत्र आलं, घोरणं गेलं, पण मधूनच शीळ वाजते." काका पडद्यावरचा हसरा चेहरा दाखवायचे : मास्क नीट बसलाय, हा बघ पुरावा. काकू म्हणायच्या, यंत्र झोपलेलं असतं, मी जागी असते. घरात तीन पक्ष पडले. दाब वाढवा म्हणणारे, दाब कमी करा म्हणणारे आणि मिशी काढा म्हणणारे. मिशीवाल्यांचा मुद्दा शास्त्रशुद्ध होता. केसांखालून हवा निसटते. पण काकांची मिशी दुकानाच्या पाटीवर आहे, ती काढायची तर पाटीही बदलावी लागेल. दाबवाल्यांना समोरच्या शेठजींनी गुप्त विद्या दिली, की दोन बटणं एकदम दाबून धरली की डॉक्टरांचा कप्पा उघडतो आणि हवा तो आकडा घालता येतो. काकांचा अंगठा बटणापर्यंत पोचलाही होता. तेवढ्यात दिवाळीला पुण्याहून लेक-जावई आले.

जावईबापू कॉम्प्युटरवाले. त्यांनी यंत्राच्या कडेची झाकणी उघडून नखाएवढं एसडी कार्ड बाहेर काढलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे आत होतं होय?" सगळी रात्र या कार्डात असते, पडद्यावर येते ती गोळाबेरीज. आमच्या धंद्यात म्हणतात तसं, पडद्यावर खतावणी आणि कार्डात रोजमेळ. खतावणीवरून कुणाच्या खात्यावर किती येणं ते कळतं, पण घोळ कुठल्या दिवशी, कुठल्या व्यवहारात झाला ते बघायला रोजमेळच काढावा लागतो. हे काकांना एका वाक्यात समजलं आणि त्या दिवसापासून ते कार्डाला 'वही' म्हणू लागले. जावयांनी कार्डाच्या बाजूची इवलीशी कळ खाली सरकवून ते कुलूपबंद केलं, म्हणजे कॉम्प्युटर त्यावर आपली काही खरडाखरड करणार नाही. परत यंत्रात घालताना ती कळ आठवणीने वर सरकवायची, नाहीतर यंत्राला लिहिता येत नाही. मग ऑस्कर नावाचा प्रोग्रॅम उघडला. "याला ऑस्कर मिळालंय?" काकूंनी विचारलं. हा फुकट मिळणारा, हौशी लोकांनी चालवलेला प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियाच्या मार्क वॉटकिन्स यांनी आधी 'स्लीपीहेड' या नावाने तो लिहिला, 2019 मध्ये त्यांनी काम थांबवल्यावर इतरांनी या नव्या नावाने पुढे नेला. डॉक्टरची जागा तो घेत नाही. रात्र कशी गेली ते मिनिटामिनिटाला दाखवतो.

लॅपटॉप गादीवर, भोवती काका, काकू, लेक, मी, दुकानातला पोऱ्या आणि 'सहज' डोकावलेले समोरचे शेठ. पडद्यावर एकाखाली एक रेघा. श्वासाची, दाबाची, गळतीची. जावयांनी श्वासाची रेघ मोठी करत नेली, तशी काकांच्या एका मंगळवारच्या एकेका श्वासाची लाट दिसायला लागली. वर, खाली, वर, खाली. मग दुसरी एक रात्र काढली. लाट, लाट, लाट, आणि सपाट रेघ. खाली आकडा : 38 सेकंद.

"हा मी?" काकांनी विचारलं.

"हो, बाबा."

काकांनी घड्याळाकडे बघत तिथेच श्वास रोखून धरला. तिसाव्या सेकंदाला डोळे बाहेर आले आणि त्यांनी हार पत्करली. "झोपेत जमतं बुवा," एवढंच म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते सेकंद अनेक वर्षं मोजले होते, कुणी त्यांना रोजमेळ मागितला नव्हता.

श्वास अडला की तो का अडला हेही काही यंत्रं तपासतात. रेसमेडची यंत्रं अशा वेळी सेकंदाला चार या गतीने हवेचे बारीक ठोके घशाकडे सोडतात. ठोका आदळून परत आला तर वाट बुजलेली. आत निघून गेला तर वाट मोकळी आहे, पण मेंदूनेच श्वासाचा हुकूम धाडलेला नाही. दुसऱ्या प्रकाराला सेंट्रल म्हणतात. तो वाढला असेल तर दाब वाढवून उपयोग नसतो, कधी कधी दाब जास्त झाल्यानेच तो वाढतो, आणि मग तातडीने डॉक्टर गाठावा. काकांच्या सगळ्या घटना पहिल्या प्रकारच्या निघाल्या. वाटच बुजत होती. पण ती सारख्या अंतराने बुजत नव्हती. अर्धा तास एकामागून एक घटनांचा घोस, मग दीड तास काहीच नाही, मग पुन्हा घोस. जावई म्हणाले, पहाटे असते तर स्वप्नांच्या झोपेवर ढकललं असतं. पण इथे तर निजल्यावर वीस मिनिटांतच सुरू.

मग तिन्ही रेघा एकाखाली एक लावून पाहिल्या आणि क्रम सापडला. आधी श्वास अडतोय. ते बघून यंत्र दाब वाढवतंय, नवावरून चढत चढत चौदापर्यंत. दाब वाढला की मास्कच्या कडा उचलल्या जातायत आणि गळतीची रेघ वर उडी घेतेय. म्हणजे काकूंची शीळ. काकूंच्या आठवणीत असलेली वेळ आणि गळतीची वेळ यांत फरक निघाला तो घड्याळ पाच मिनिटं पुढे लावण्याच्या त्यांच्या सवयीइतका. आणि पडद्यावरचा हसरा चेहरा? तो रात्रभराचा मिळून असतो. दोन वेळा अर्धा अर्धा तास गळलं तरी तो हसतच राहतो. घरातले तिन्ही पक्ष शिळेच्या मागे लागले होते, शीळ तर शेवटचं टोक होतं. पहिलं टोक होतं घशात.

आता प्रश्न असा, की दाब असूनही वाट का बुजते, आणि तीही ठराविक रात्रीच? चांगल्या रात्री वेगळ्या काढल्या. नागपूरला लग्नाला गेले होते तेव्हाच्या चांगल्या. बाकी बहुतेक मंगळवार.

"मंगळवारी माझा मारुतीचा उपास," काका लगेच म्हणाले. "रात्री फक्त दूध आणि केळं. हलकं पोट, हलका श्वास. आणि नागपूरला?"

"नागपूरला तुम्ही सावजी खाल्लं होतं," काकू म्हणाल्या.

पंचाईत झाली. मारुती मागे हटला. मग काकूच म्हणाल्या, "मंगळवारी मी अभ्रे धुवायला काढते."

खुलासा असा. काका उशीवर झोपत नाहीत, लोडावर झोपतात. पेढीच्या गादीवरचा लोड, आजोबांच्या वेळचा, सावरीचा, ताठ. सराफाने दिवसा त्याला टेकावं आणि रात्री त्यावर डोकं ठेवावं, अशी घराण्याची चाल. अभ्रा धुवायला गेला की उघड्या लोडाला तेल लागेल म्हणून काकू त्या रात्री साधी पातळ उशी देतात. नागपूरच्या लॉजवर लोड कुठला? जावयांनी काकांना गादीवरच आडवं व्हायला सांगितलं, डोक्याखाली लोड. हनुवटी छातीला टेकली. पोऱ्याने बाजूने मोबाइलवर फोटो काढला. नळीला मधोमध मुरड पडली की नळ कितीही सोडा, पाणी जात नाही, हे काकांना फोटो बघून सांगावं लागलं नाही. दाब वाढवून ही मुरड सुटत नाही, आणि कुशीवर झोपलं तरी हनुवटी वळलेलीच राहते.

तरी काका सहजासहजी मानणारे नव्हते. धंद्यात एका कसोटीवर निकाल देत नाहीत. त्यांनी रीतसर परीक्षा लावली, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणात तीच सर्वांत शहाणपणाची गोष्ट झाली. एक आठवडा जेवण नेहमीचं, लोड बंद. पुढच्या आठवड्यात हलकं जेवण, लोड चालू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि एका रात्रीवर बोलायचं नाही. ज्या आठवड्यात काका खोव्याच्या जिलेब्या खाऊन पातळ उशीवर झोपले त्या आठवड्यात आकडा तिनाच्या वर गेला नाही, दाबाची रेघ नवाच्या आसपास शांत, गळती नगण्य. ज्या आठवड्यात दूध-केळं खाऊन लोडावर झोपले त्या आठवड्यात पुन्हा घोस, पुन्हा चौदा, पुन्हा शीळ. मिशी निर्दोष सुटली. कागदावर काढलेल्या रेघा घेऊन काका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी सगळं उलटून पाहिलं, दाबाची वरची हद्द स्वतः थोडी खाली आणली आणि "इतना हिसाब तो कोई नहीं लाता" म्हणाले. हे वाक्य काकांनी गल्लीत हॉलमार्कसारखं वापरलं.

त्यानंतर जावईबापूंचे पुण्यात हाल सुरू झाले. समोरच्या शेठजींनी दोन तासांचं कार्ड पाठवून "हमारा लोड भी देख लीजिए" म्हटलं. तिसऱ्या पेढीवाल्यांनी कुठून तरी स्वस्तात जुनं यंत्र मिळतंय, घेऊ का, असं विचारलं. आमच्याकडे जुनं सोनं घेण्यात कमीपणा नाही, पण जुनं सोनं आटवता येतं, हे यंत्र आटवता येत नाही. जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीला आपली लाखो यंत्रं परत बोलवावी लागली होती, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता म्हणून. तेव्हा मॉडेल आणि सिरिअल नंबर तपासल्याशिवाय हात लावू नका, असं जावयांनी कळवलं. पेढीवाल्यांनी यंत्र नाही घेतलं. नंबर तेवढा लॉटरीवाल्याला सांगितला.

लोड पुन्हा खाली गादीवर गेला. तिथे तो आता फक्त टेकायला आहे, असं काका सांगतात. दुपारी दोननंतर बाजार थंडावला की शटर अर्धं खाली येतं, काका लोडावर डोकं ठेवतात, आणि ती झोप मास्कशिवायची. यंत्र माडीवर बंद, त्यामुळे कार्डात त्या झोपेचा मागमूस नाही. जावयांच्या ऑस्करला ती दिसत नाही आणि डॉक्टरांच्या फायलीतही नाही. काकूंकडे मात्र तिची तारीखवार नोंद आहे. पोऱ्या लोडाशेजारच्या काट्यामागे बसून मोबाइलवर आवाज भरतो आणि संध्याकाळी चहाचा थर्मास न्यायला वर गेला की ऐकवतो. त्याचे दिवसाला दहा रुपये ठरलेले आहेत.